अणुकेंद्राची गिरकी आणि तिचे वाचन

कच्चे अंडे कोणते आणि उकडलेले कोणते, हे टरफल न फोडता ओळखण्याची युक्ती घरोघरी ठाऊक असते. दोन्ही अंडी टेबलावर आडवी ठेवून त्यांना गिरकी द्यायची. उकडलेले अंडे सफाईने, भरभर फिरते. कच्चे मात्र डुलत, अडखळत फिरते आणि लवकर थांबते. कारण आतला द्रव टरफलाबरोबर लगेच फिरू लागत नाही. वस्तू कशी फिरते, यावरून तिच्या अंतरंगाचा अंदाज बांधता येतो, हे या साध्या युक्तीमागचे तत्त्व आहे.

अणुकेंद्राचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ गेली सत्तरहून अधिक वर्षे हेच तत्त्व वापरीत आले आहेत. अडचण एवढीच, की त्यांचे ‘अंडे’ कुणालाही दिसत नाही. एका मिलिमीटरचे सत्तर अब्ज भाग केले, तर त्यातील एका भागाएवढा जड अणुकेंद्राचा व्यास भरतो. त्याची गिरकी कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून पाहता येत नाही. शास्त्रज्ञांच्या हाती येते ती केवळ गॅमा किरणांच्या ऊर्जांची एक यादी. या यादीतील आकड्यांमध्ये एक विशिष्ट शिस्त दिसली, की तिला ‘परिवलन पट्टा’ म्हणतात. केंद्र गोल आहे की लांबट, घन वस्तूसारखे फिरते की द्रवासारखे, आतल्या कणांच्या जोड्या शाबूत आहेत की फुटल्या आहेत, ही सारी माहिती त्या शिस्तीतून आणि विशेषतः शिस्तीच्या भंगातून वाचली जाते. हे वाचन जितके मोहक आहे तितकेच फसवेही आहे. अणुकेंद्रविज्ञानाच्या इतिहासातील काही रंजक वादांचे मूळ त्यातच आहे.

गोलाला गिरकी नाही

मुळात अणुकेंद्र फिरू शकते, हेच प्रारंभी गृहीत धरलेले नव्हते. पुंजयामिकीच्या नियमांनुसार पूर्णपणे गोल वस्तूच्या सामूहिक परिवलनाला काही अर्थच उरत नाही. गुळगुळीत, डाग नसलेला चेंडू फिरवला तरी आधीची आणि नंतरची स्थिती यांत कोणताही भेद करता येत नाही. आणि जेथे भेद नाही तेथे पुंजयामिकी निराळी ऊर्जापातळी मान्य करीत नाही. त्यामुळे केंद्र फिरते असे म्हणायचे, तर ते गोल नाही हे आधी मान्य करावे लागते.

केंद्र गोल नसल्याच्या खुणा १९३५ पासूनच मिळू लागल्या होत्या. शूलर आणि श्मिट या जर्मन संशोधकांनी युरोपियमच्या वर्णपटाचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा केंद्रातील विद्युत्भार सर्व दिशांना सारखा पसरलेला नाही, असे आढळले. पुढे १९४९ मध्ये मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी कवच प्रतिमान मांडले. अणूतील इलेक्ट्रॉनांप्रमाणेच केंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉनही ठरावीक कक्षांमध्ये, बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे फिरत असतात, असे हे प्रतिमान सांगते. ते यशस्वी ठरले खरे. पण विरल मृदा मूलद्रव्यांच्या केंद्रांतील विरूपता एका-दोन बाहेरच्या कणांमुळे जेवढी असायला हवी, तिच्या कितीतरी पटींनी अधिक होती. याचा खुलासा त्या प्रतिमानाजवळ नव्हता.

तो खुलासा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुचला. चार्ल्स टाउन्स यांचे या विरूपतेवरील व्याख्यान ऐकताना जेम्स रेनवॉटर यांच्या मनात एक कल्पना आली. बाहेरचा कण आतल्या गाभ्याला गोल राहू देत नाही. आपल्या कक्षेच्या दिशेने तो त्याला ताणतो. गाभ्यातील सगळेच प्रोटॉन मग या विरूपतेत भर घालतात. १९५० मध्ये रेनवॉटर यांनी हा विचार प्रसिद्ध केला. त्या वर्षी त्यांच्याच खोलीत बसणारा डेन्मार्कचा पाहुणा संशोधक होता आग बोर, म्हणजे नील्स बोर यांचा मुलगा. लांबट केंद्र असेल तर ते फिरलेही पाहिजे, हा पुढचा दुवा त्याने जोडला. कोपनहेगनला परतल्यावर बेन मॉटेलसन या अमेरिकी सहकाऱ्यासह त्याने हा सिद्धान्त तपशीलवार उभा केला. रेनवॉटर, बोर आणि मॉटेलसन या तिघांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सहा, वीस, बेचाळीस, बहात्तर

सिद्धान्ताची कसोटी विलक्षण सोपी होती. पुंजयामिकीत कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याची मात्रा, हवी तेवढी असू शकत नाही. ती ठरावीक एककांच्या पायऱ्यांनीच वाढते. सम संख्येने प्रोटॉन आणि सम संख्येने न्यूट्रॉन असलेल्या लांबट केंद्राची दोन्ही टोके सारखीच असल्याने अर्ध्या फेरीनंतर ते पुन्हा पूर्वीसारखेच दिसते. त्यामुळे त्याला ०, २, ४, ६, ८ अशी केवळ सम मूल्ये मिळतात. प्रत्येक पायरीची ऊर्जा ही तो अंक आणि त्याहून एकाने मोठा अंक यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दोनासाठी २ गुणिले ३, म्हणजे ६. चारासाठी ४ गुणिले ५, म्हणजे २०. पुढे ४२ आणि ७२. पहिली पायरी मोजली, की पुढच्या सगळ्या पायऱ्या कागदावर मांडता येतात.

हॅफ्नियम-१८० या समस्थानिकाच्या केंद्राची एक उत्तेजित अवस्था साडेपाच तास अर्धायुष्य असलेली आहे. तिच्यातून खाली येताना केंद्र एकामागून एक गॅमा किरण सोडते. आजच्या मोजमापानुसार तेथील पहिली पायरी ९३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. त्यावरून सिद्धान्त पुढच्या तीन पायऱ्या ३११, ६५३ आणि ११२० येथे असाव्यात असे सांगतो. प्रत्यक्षात त्या ३०९, ६४१ आणि १०८४ येथे सापडतात. बोर आणि मॉटेलसन यांनी १९५३ मध्ये याच केंद्राकडे बोट दाखवले, तेव्हा लांबट केंद्राच्या परिवलनाबद्दलची शंका बहुतांशी मिटली. त्याच वर्षी कोपनहेगनमध्ये हूस आणि झुपान्चिच यांनी विद्युत्भारित कण केंद्राजवळून वेगाने नेऊन त्याला हलकेच गिरकी देण्याची पद्धत वापरली आणि पुढे अशा पट्ट्यांचा पूरच आला.

दुसऱ्या आणि पहिल्या पायरीचे गुणोत्तर, आदर्श परिवलनात २० भागिले ६ म्हणजे ३.३३, हे तेव्हापासून केंद्राच्या आकाराचे झटपट निदान करणारे साधन बनले. गोल केंद्र थरथरत असेल, तर हे गुणोत्तर २ च्या आसपास येते. समॅरियमच्या समस्थानिकांमध्ये हा बदल डोळ्यांत भरतो. समॅरियम-१५० मध्ये ते सुमारे २.३ आहे, केवळ दोन न्यूट्रॉन वाढून समॅरियम-१५२ झाले, की ते ३.० होते आणि समॅरियम-१५४ मध्ये ३.२५ पर्यंत पोचते. पहिल्या पायरीची ऊर्जाही ३३४ वरून १२२ आणि मग ८२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी खाली येते. चार न्यूट्रॉनांच्या अंतरात थरथरणारा गोल फिरता लंबगोल होतो.

कच्चे की उकडलेले?

हॅफ्नियमच्या आकड्यांकडे पुन्हा पाहिले, तर त्यांतील उणीव अधिक बोलकी आहे. ६५३ ऐवजी ६४१, ११२० ऐवजी १०८४. केंद्र जसजसे वेगाने फिरते, तसतसे ते अपेक्षेपेक्षा किंचित ‘स्वस्तात’ फिरू लागते. वस्तूला फिरवणे किती जड जाते, हे ज्या राशीने मोजतात तिला निरूढी परिबल म्हणतात. या केंद्राचे निरूढी परिबल स्थिर नाही. ते वेगाबरोबर वाढते.

येथेच अंड्याची युक्ती उपयोगी पडते. केंद्र पूर्णपणे घन असते, म्हणजे उकडलेल्या अंड्यासारखे, तर त्याचे निरूढी परिबल किती असते, हे गणिताने काढता येते. ते घर्षणहीन द्रवाचा थेंब असते, तर त्याचे मूल्य बरेच कमी आले असते. मोजलेले मूल्य या दोहोंच्या मधे, घन वस्तूच्या सुमारे निम्मे निघाले. केंद्र पूर्ण कच्चेही नाही आणि पूर्ण उकडलेलेही नाही.

या मधल्या स्थितीचे कारण अगदी वेगळ्या क्षेत्रातून मिळाले. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी धातूंतील अतिसंवाहकतेचा उलगडा इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांच्या आधारे केला. पुढच्याच वर्षी बोर, मॉटेलसन आणि डेव्हिड पाइन्स यांनी केंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉनही असेच जोडीने वावरतात, असे सुचवले. जोडीतील दोन कण परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असल्याने त्यांचे कोनीय संवेग एकमेकांना छेदतात आणि अशा जोड्या सामूहिक गिरकीत पूर्णतः सामील होत नाहीत. निरूढी परिबल कमी भरते ते त्यामुळे.

माघारी वळलेला आलेख

जोड्यांचा हा विचार खरा असेल, तर त्यातून एक भाकीत निघत होते. केंद्राला फारच वेगाने फिरवले तर जोड्या फुटतील आणि ते ‘उकडल्यासारखे’ फिरू लागेल. मॉटेलसन आणि व्हालातिन यांनी १९६० मध्ये हे मांडले. तेवढी वेगवान गिरकी देण्याचे साधन १९६३ मध्ये मिळाले. मोरिनागा आणि गुगेलो यांनी ॲम्स्टरडॅममध्ये जड केंद्रांवर अल्फा कणांचा मारा केला. आदळणारा कण केंद्राच्या मध्यावर न बसता कडेला बसला, की केंद्र भोवऱ्यासारखे फिरू लागते. काही न्यूट्रॉन बाहेर फेकते आणि मग गॅमा किरणांची माळ सोडत शांत होते.

१९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये जॉन्सन, रीडे आणि सहकारी डिस्प्रोसियम-१६० चा असाच पट्टा मोजत होते. पट्ट्यात वर चढत जावे तसतशी गॅमा किरणांची ऊर्जा वाढत जायला हवी. ती वाढत गेली; पण कोनीय संवेग पंधराच्या आसपास पोचला आणि वाढ अडखळली. निरूढी परिबलाचा आलेख वेगाच्या अक्षावर चक्क मागे वळला. कोनीय संवेग वाढतो आहे, पण फिरण्याचा वेग मात्र कमी होतो आहे! बर्फावर गिरक्या घेणारी नर्तकी हात पसरते तेव्हा तिचा वेग मंदावतो, तसे काहीसे केंद्राच्या आत घडत होते.

या एका वळणाची दोन वाचने पुढे आली. पहिले सरळ होते: भाकीत खरे ठरले, सगळ्या जोड्या एकदम फुटल्या. दुसरे बर्कलीच्या स्टीफन्स आणि सायमन यांनी १९७२ मध्ये मांडले. त्यांच्या मते सगळ्या नव्हे, तर न्यूट्रॉनांची एकच जोडी फुटते. फिरत्या पृथ्वीवर विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना जे कोरिओलिस बल नैर्ऋत्येचे वळण देते, तेच फिरत्या केंद्रातील न्यूट्रॉनांवरही काम करते. ज्या कक्षेतील कणाचा कोनीय संवेग मोठा, तेथे हे बल अधिक. ते जोडीची ताटातूट करून दोन्ही न्यूट्रॉनांना परिवलनाच्या अक्षाकडे वळवते. मग बराचसा कोनीय संवेग या दोघांकडूनच मिळतो आणि उरलेल्या केंद्राला तेवढे वेगाने फिरावे लागत नाही.

एकच आलेख आणि दोन अर्थ. निवाडा शेजारच्या केंद्रांनी केला. विषम न्यूट्रॉनांच्या ज्या केंद्रांत ती विशिष्ट कक्षा एका एकट्या न्यूट्रॉनाने आधीच अडवलेली होती, तेथे आलेख त्या ठिकाणी वळला नाही. सगळ्या जोड्या एकदम फुटत असत्या, तर एका कक्षेच्या अडवणुकीने एवढा फरक पडला नसता. एकाच जोडीचे वाचन टिकले.

एकोणीस रेषांची माळ

पुढचा मोठा टप्पा १९८६ चा. इंग्लंडमधील डेअर्सबरी प्रयोगशाळेत पीटर ट्विन आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियम-४८ चे कण पॅलेडियम-१०८ वर आदळवून डिस्प्रोसियम-१५२ चे अतिवेगाने फिरणारे केंद्र तयार केले. गॅमा किरणांच्या वर्णपटात ६०२ पासून १४४९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत एकोणीस रेषा, जवळजवळ ४७ च्या समान अंतराने, एखाद्या फणीच्या दात्यांसारख्या उभ्या राहिल्या. केंद्र या अवस्थेत येण्याचे प्रमाण जेमतेम एक टक्का होते. ती फणी शोधून काढणे हेच मोठे कसब होते. सर्वांत वरच्या रेषेचे केंद्र सेकंदाला एकावर वीस शून्ये एवढ्या फेऱ्या घेत होते.

रेषांमधील अंतर जितके कमी, तितके निरूढी परिबल मोठे. ४७ या अंतरावरून केंद्राची लांबी रुंदीच्या दुप्पट असावी, असा निष्कर्ष निघाला. अशा केंद्राला ‘अतिविरूप’ म्हणतात. पण रेषांची अंतरे आकार थेट सांगत नाहीत. ती फक्त निरूढी परिबल सांगतात. म्हणून १९८७ मध्ये या अवस्था किती काळ टिकतात, हे गॅमा किरणांच्या डॉप्लर परिणामावरून मोजले गेले. विद्युत्भार जितका लांबवर पसरलेला, तितका गॅमा किरण लवकर सुटतो. मोजलेला काळ दोनास एक या आकाराशी जुळला आणि निष्कर्षाला स्वतंत्र पुरावा मिळाला.

तरीही एक गोष्ट अनुत्तरित होती. या एकोणीस पायऱ्यांचा जिना नेमका कोणत्या उंचीवर आहे आणि त्याच्या पहिल्या पायरीचा कोनीय संवेग किती, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. कारण या जिन्यावरून नेहमीच्या अवस्थांकडे उतरण्याची वाट सापडली नव्हती. जिना दिसत होता, पण अधांतरी. सुमारे चार हजार किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा तो जोडणारा गॅमा किरण अमेरिकेतील गॅमास्फिअर या शोधकसंचाने टिपला, तो थेट २००२ मध्ये. सोळा वर्षे जगभरच्या पुस्तकांत छापल्या गेलेल्या या पट्ट्यावरील कोनीय संवेगाचे आकडे तोवर अनुमानाचेच होते.

शिस्त तीच, अर्थ निराळा

समान अंतराच्या रेषा दिसल्या म्हणजे लांबट केंद्र फिरते आहे, या समजाला सर्वांत मोठा धक्का शिशाने दिला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शिशाच्या १९८ आणि १९९ च्या आसपासच्या समस्थानिकांत परिवलनासारखेच शिस्तबद्ध पट्टे सापडले. पण ही केंद्रे जवळजवळ गोल असतात. आणि गोलाला गिरकी नाही! शिवाय त्यांतील गॅमा किरण विद्युत् चतुर्ध्रुवी नव्हते, तर चुंबकीय स्वरूपाचे होते.

स्टेफान फ्राउएनडॉर्फ यांनी याचा उलगडा कात्रीच्या उपमेने केला. काही प्रोटॉनांचे कोनीय संवेग एका दिशेला आणि काही न्यूट्रॉनांचे दुसऱ्या दिशेला, जणू कात्रीची दोन उघडी पाती. कात्री मिटत जाते तसा एकूण कोनीय संवेग वाढत जातो. येथे फिरतो तो केंद्राचा आकार नव्हे, तर आतील चुंबकत्वाची दिशा. म्हणून याला ‘चुंबकीय परिवलन’ म्हणतात. हे वाचन खरे असेल, तर कात्री मिटताना चुंबकीय किरणांची तीव्रता ठरावीक रीतीने घटली पाहिजे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयुष्यमापनांनी ती तशीच घटते असे दाखवले.

म्हणूनच आज कोणत्याही पट्ट्याचा अर्थ लावताना केवळ ऊर्जांवर विसंबून चालत नाही. कोणते किरण एकाच केंद्रातून एकाच वेळी निघाले, ते कोणत्या दिशांना अधिक गेले, ते विद्युत् स्वरूपाचे की चुंबकीय आणि प्रत्येक अवस्था किती काळ टिकली, या चार साक्षी जुळाव्या लागतात.

कुलाब्यातील खिडकी

या कामात मुंबईचाही वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्रासह उभारलेला पेलेट्रॉन हा कणत्वरक १९८८ मध्ये सुरू झाला. देशातील संस्थांनी एकत्र येऊन उभारलेला ‘इंडियन नॅशनल गॅमा ॲरे’, म्हणजेच ‘इन्गा’, हा शोधकसंच मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील त्वरकांवर आळीपाळीने मांडण्यात आला आहे. त्यातील प्रत्येक शोधकात जर्मेनियमचे चार स्फटिक क्लोव्हरच्या चार पानांसारखे शेजारी बसवलेले असतात आणि ते द्रव नायट्रोजनने थंड ठेवावे लागतात. एका स्फटिकातून दुसऱ्यात उडालेल्या गॅमा किरणाची दिशा पाहून तो विद्युत् स्वरूपाचा की चुंबकीय, हे ठरवण्यास ही रचना विशेष सोयीची आहे. चुंबकीय परिवलन आणि त्याचे जुळे भावंड असलेले ‘प्रतिचुंबकीय परिवलन’ यांच्या अभ्यासात भारतीय गटांनी या साधनाचा चांगला उपयोग करून घेतला आहे.

या सगळ्याचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिक आहे. एक उत्तर आवर्त सारणीच्या टोकाशी मिळते. १०२ प्रोटॉनांचे नोबेलियम-२५४ हे केंद्र विद्युत् प्रतिकर्षणाने दुभंगण्याच्या काठावर असते. १९९९ मध्ये त्याचा परिवलन पट्टा कोनीय संवेग चौदापर्यंत पाहता आला. ते लांबट आहे आणि गिरकी घेऊनही फुटत नाही, याचा तो थेट पुरावा होता. अतिजड मूलद्रव्ये कोठवर टिकतील, याचे गणित अशाच पुराव्यांवर पारखले जाते.

दुसरी साक्ष अगदी अनपेक्षित दिशेने आली. अमेरिकेतील ब्रूकहेवन येथे युरेनियम-२३८ ची केंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवण्यात आली होती. त्या टकरींतून उडालेल्या कणांच्या पसरणीवरून केंद्राचा आकार काढल्याचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आकार लांबट निघाला. गॅमा किरणांच्या यादीवरून सत्तर वर्षांपूर्वी वाचला गेला होता, तसाच. मात्र तो आपल्या लांब अक्षाभोवती पूर्णतः वर्तुळाकार नसून किंचित चपटा असावा, अशी खूणही त्यात आहे. जड लांबट केंद्रांपैकी किती केंद्रे अशी तिन्ही अक्षांवर असमान आहेत, यावर सिद्धान्तकारांत आज पुन्हा चर्चा रंगली आहे. हॅफ्नियमच्या त्या जुन्या आकड्यांतील बारीक उणिवा त्यासाठी नव्याने वाचल्या जातील.